जमाव म्हणजे किती

सत्त्याण्णव सालच्या आषाढातली उघडीप होती. तुडील फाट्यावर मी महाडच्या एसटीची वाट बघत होतो. कारखान्याच्या सांडपाण्याचा पाइप तिथल्या विहिरीला लागून जाणार होता, आणि नेमक्या त्याच जागी चार बायका बसल्या होत्या. थोडं पलीकडे आणखी चार. एसआरपीचा एक जवान ढाल घेऊन त्यांच्यातल्या म्हातारीपुढे आला.

“आजी, जमावबंदी आहे. उठा.”

“जमाव म्हंजे किती रे?”

“पाच माणसं.”

“आमी चार हाव. मोज.”

“आणि त्या पलीकडच्या?”

“त्यांचं नि आमचं बोलणं नाय.”

“आजी, दंगल आवरायलाच पाठवतात आम्हाला. मग लाठी चालवावी लागते.”

“मग दंगल झाल्यावर ये. आता आमी टाकळ्याची भाजी निवडताव.”

तेवढ्यात गावातली एक पोरगी येऊन आजीला म्हणाली, “तुळसाकाकी, सरक जरा, मी पन बसते.”

“बघा, ही आली. आता पाच झालात.”

“श्रुतिका, तू बस गो माझ्या जागेवर. मी त्या आंब्याखाली एकटी बसते,” म्हणत आजी उठली.

“आजी, साहेब गाडीतून बघतायत. ऐका माझं.”

“तुमी किती जण आलात रे?”

“दोन गाड्या.”

“मग जमाव तर तुमचाच झाला.”

“आमचा जमाव नसतो, आजी. आम्ही बंदोबस्ताला आलोय.”

“आमीपन बंदोबस्तालाच बसलाव. इहिरीच्या.”