अमावास्येची मधली वेळ

मंडळी, जरा सरसावून बसा. गाण्याला वेळ आहे, आधी एक प्रश्न. घर वाटता येतं. रान वाटता येतं. विहिरीचं पाणीसुद्धा वार ठरवून वाटून घेतात. पण माणूस वाटता येतो का हो? मृदंगवाले, एवढ्या घाईनं मान हलवू नका! आमच्या कराडकडच्या केंजळ्यांनी वाटला होता. आणि कोणी परका नव्हे, स्वतःची आई!

सुभद्राबाई त्यांचं नाव. मालक वारले, राहतं घर विकलं, आणि दोन मुलांनी भावकीसमोर ठरवलं — आई एक महिना थोरल्या जयवंताकडे, एक महिना धाकट्या श्रीपतीकडे. पाळी बदलायची अमावास्येला. दुपारचं जेवण एकाकडे, रात्रीचं दुसऱ्याकडे! जेवण झालं की सून पिशवी हातात द्यायची, म्हणायची, आत्याबाई, या आता. अकरा वर्षं हे असंच चाललेलं.

आता मला सांगा — दुपारचं जेवण झालं, रात्रीचं व्हायचंय. मधल्या वेळेत बाई कोणाकडे? अहो, देवळात! खांबाला टेकून बसायच्या. लोकांना वाटायचं, काय भाविक आहे! बसायला जागा नव्हती बिचारीला, म्हणून भाविक.

पुढं काय झालं, बाईंची पंचाहत्तरी आली. दोघा भावांना हौस केवढी! थेट राजस्थान गाठलं. तळ्याच्या काठी जुना राजवाडा, आता त्याचं मोठं हॉटेल. संगमरवरी कठडे, दारात फेटेवाले, पायऱ्यांखाली बोटी लागलेल्या. सुट्ट्या जुळवल्या, खोल्या धरल्या, सगळं बघितलं. तिथी तेवढी कोणी बघितली नाही. पोचले त्या दिवशी नेमकी अमावास्या!

बाईंना राजवाड्याचं काही नव्हतं. त्यांनी गाडीत एकच मागणं मागितलं होतं — मला एका बोटीत बसवा, आणि तुम्ही दोघं माझ्या दोन अंगांना बसा. भावांचं आपसात धड बोलणं नव्हतं, जावांचं तर विचारूच नका. पण त्या मागण्याला दोघंही हो म्हणाले. बाईंनी त्या आशेवर नवं लुगडं नेसलं हो! अकरा वर्षांत दोन मुलं एकदम शेजारी बसली नव्हती. बास, तेवढंच हवं होतं त्यांना.

चार वाजता सगळी पायऱ्यांवर आली. बोटी दोन. एक तळ्यातल्या महालाकडे जाणारी, दुसरी काठाकाठानं फिरवणारी. थोरल्याची पोरं म्हणाली महाल, धाकट्याची म्हणाली काठ. झालं! जो तो आपापलं बिऱ्हाड घेऊन आपापल्या बोटीत. आणि बाई? दोन बोटींच्या मधे उभ्या, जो हाक मारेल त्याच्याकडे जायचं म्हणून.

जयवंताच्या मनात — दुपारी वाटेत आईला आपण जेवू घातलं, आता श्रीपतीची पाळी. श्रीपतीच्या मनात — आपली पाळी रात्रीच्या जेवणापासून. दोघंही नियमाला पक्के! दोघांनीही मान वळवून बघितलं नाही. इंजिनं सुरू झाली, आणि जिच्या पंचाहत्तरीसाठी हा सगळा खटाटोप, ती पायरीवर राहिली.

बाईंनी हाक का मारली नाही, असं विचाराल. मंडळी, हाक मारायची तर नाव घ्यावं लागतं. कोणाचं घ्यायचं? एकाचं घेतलं तर दुसऱ्याला लागेल. आईच ती.

पाणी स्थिर होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवत वर आल्या. दारातल्या कारकुनानं अदबीनं खोली विचारली. त्यांना सांगता येईना. त्यानं वही उघडली. थोरल्यानं आपली चार नावं लिहिलेली, धाकट्यानं आपली चार. दोघांनीही तेच धरलेलं, आई दुसऱ्याकडे. नाव नाही म्हटल्यावर आत कसं सोडणार? पण माणूस भला. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा विचारत राहिला — कोणाबरोबर आलात, कोणाच्या तुम्ही?

दोन तासांनी बोटी परतल्या. पायऱ्यांवर जयवंतानं सहज विचारलं, आईला बोट लागली नाही ना? श्रीपती म्हणाला, आई तुझ्याकडे होती ना? — आणि दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. धावत वर आले. बाईंची त्यांच्याकडे पाठ होती. कारकुनाला त्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत होत्या,

"थोरल्याकडचं जेवण झालंय बाबा, धाकट्याकडचं व्हायचंय. आत्ता मी कोणाचीच नाही."

दोघं जागच्या जागी थिजले. कारकुनानं त्यांच्याकडे बघितलं आणि बाईंना विचारलं, हे तुमचे कोण? बाई वळल्या. एवढ्या वेळात डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आता आलं.

"हे दोघंही माझेच," म्हणाल्या.

मंडळी, त्या रात्री केक कापला. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी दोघंही आर्जवं करत होते, आई, चल बोटीत, तिघं बसू. बाई म्हणाल्या, आता राहू द्या. रागानं नव्हे हो! रागावल्या असत्या तर बरं होतं. त्यांची हौसच गेली होती. वर्षाच्या आत त्या गेल्या, आणि एका बोटीत तिघं बसायचं राहिलं ते राहिलंच.

केंजळ्यांना नावं ठेवू नका. तुम्ही इथं पुढं बसलात, टाळ्या वाजवताय. घरी म्हातारी आहे ना? आत्ता या घटकेला ती कोणाकडे आहे? भाऊ बघत असेल, वहिनी बघत असेल, असं तर धरून आला नाहीत? ज्यांना ठाऊक नाही त्यांनी गजराला थांबू नका. चपला घाला आणि घरी जा. प्रसाद आम्ही पाठवून देऊ.

विठ्ठल, विठ्ठल.