रिकाम्या कपातला चमचा

ताईंच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरचे विश्वस्त आणि पाहुणे मंडळी, ज्यांच्यापुढे आम्ही सगळे कायम लहानच राहिलो त्या आपल्या ताई, आणि ज्यांचे आजवर मी फक्त आवाज ओळखत होतो असे समोर बसलेले श्रोतेहो, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी या रेडिओ केंद्राचा तंत्रज्ञ. काचेपलीकडे बसून बटणं फिरवायची, हे माझं काम. माइकसमोर उभं राहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा मला घाम फुटला तर दोष पंख्याला द्या.

'बोला की!' हा ताईंचा कार्यक्रम तुम्ही सगळेच ऐकता. नळाला पाणी नाही, शाळेनं मुलाला बसू दिलं नाही, विषय कोणताही असो, ताईंची पद्धत एकच. ज्याची तक्रार त्याला खुर्ची आणि ज्याच्याबद्दल तक्रार त्यालाही खुर्ची. प्रश्न विचारायचा आणि समोरचा बोलेपर्यंत आपण गप्प बसायचं. आता मला सांगा, रेडिओवर कुणी गप्प बसतं का?

कारण आमच्याकडे एक यंत्र आहे. प्रक्षेपणात जरा शांतता झाली की त्याला वाटतं, बिघाड झाला. मग ते आपणहून गाणं लावतं. एकदा ताईंनी एका वॉचमनला विचारलं, "नोकरी गेली हे घरी कसं सांगितलंत?" तो बिचारा गप्प झाला आणि यंत्रानं लावलं काय, तर वरातीत नाचायचं गाणं! मी कपाळावर हात मारला. ताई तरातरा काचेपलीकडून आल्या. "तुमच्या त्या यंत्राला सांगा, माणूस विचार करतोय!" मी म्हटलं, "ताई, त्याला कान आहेत, अक्कल नाही." बंद का नाही केलंत, असं विचाराल. अहो, ते बंद असताना खरंच बिघाड झाला असता, तर या विश्वस्तांनी मला घरी बसवलं असतं!

दुसऱ्या दिवशी ताई घरून कप आणि चमचा घेऊन आल्या. समोरचा गप्प झाला की रिकाम्या कपात हळूहळू चमचा फिरवायच्या. टिंग, टिंग. यंत्र खूश. एका आजोबांनी तर काळजीनं फोन केला, "ताईंना साखर कमी घ्यायला सांगा हो!"

आता मावशींची गोष्ट. मावशी पहिल्या रांगेत बसल्यात आणि मी सांगू नये म्हणून मघापासून डोळे वटारतायत. मावशी एका इमारतीत धुणीभांडी करायच्या. ताईंनी विचारलं, "सकाळपासून दुपारपर्यंत तिथेच असता. मग लघवीला कुठे जाता?" मावशी गप्प. चमचा फिरत राहिला. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "जात नाही. म्हणून घरून निघताना पाणीच पीत नाही."

कार्यक्रम संपायच्या आत त्याच इमारतीतल्या, मावशी जिथे काम करायच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "आमची अब्रू घालवली! उद्यापासून येऊ नकोस म्हणावं." मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या. ताई शांतपणे म्हणाल्या, "काकू, उद्या तुम्ही या. खुर्ची तुमचीही आहे."

आणि काकू आल्या! रागानं लालबुंद. मला वाटलं, आता ताई त्यांना चांगलं फैलावर घेणार. मीही वाटच बघत होतो. ताईंनी एवढंच विचारलं, "तुमच्या घरातलं संडास-बाथरूम मावशींनी वापरलं तर काय होईल?" काकू तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. ताई चमचा फिरवत राहिल्या, मावशींसाठी फिरवला होता तितक्याच मायेनं. शेवटी काकू म्हणाल्या, "काही नाही होणार. आमच्याकडे तसं कधी केलंच नाही, एवढंच." मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "उद्या ये गं. आणि घरून पाणी पिऊन ये."

महिन्याभरात त्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या, कायम बंद ठेवलेल्या संडासाचं कुलूपही कामाला येणाऱ्यांसाठी निघालं. काकू आज मावशींच्या शेजारी बसल्यात. आणि ताईंच्याच आग्रहावरून सोमवारपासून ताईंच्या खुर्चीत मावशी बसणार आहेत. पहिली तक्रार काकूंचीच आहे, मावशी उशिरा येतात म्हणून!

ताई, तुमच्यावाचून ती काच मला रिकामी वाटणार आहे. तुमच्याशी भांडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही, हे आज सगळ्यांसमोर सांगतो.

इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याची सवय नाही, काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आता ताई बोलतील. मी त्यांना ओळखतो. त्या माइकपाशी येतील आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटणार नाही. तेव्हा कृपा करून कुणी टाळ्या वाजवू नका, कुणी घाई करू नका. समारंभ थेट प्रक्षेपित होतोय आणि माझं यंत्र चालू आहे. पण कप मी आणलाय, चमचा मावशींच्या हातात आहे.

या ताई. सावकाश बोला.