'कधीच नाही' म्हणणाऱ्यांना न विचारलेला प्रश्न

सन्माननीय अध्यक्ष डॉ. वेंडेल क्रोगर, व्यासपीठावरील पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण ओमाहात जमलो त्या आर्डिसबाई हेल्मस्टाड, आणि भूल देणाऱ्या माझ्या परिचारिका व परिचारक मित्रांनो,

ताटं निवायच्या आत आवरते.

आपली प्रमाणपत्र परीक्षा कोण ठरवतं? देशभर भूल देणाऱ्यांना आपण विचारतो, हे काम वर्षात किती वेळा करता, आणि ते किती महत्त्वाचं? उत्तरांवरून विषय ठरतात. पद्धत रास्तच. पण यंदा लोक कंटाळू नयेत म्हणून आपण सर्वांनी एक सोय मान्य केली. 'कधीच नाही' म्हणणाऱ्याला दुसरा प्रश्न विचारायचाच नाही. परिणाम? श्वास अडला की गळ्याला छेद देऊन नळी घालणं, हा क्वचितच कुणाला करावा लागणारा विषय यादीत तळाला गेला, म्हणजे परीक्षेतून गळायच्या बेतात आला.

परीक्षा समितीच्या गेल्या बैठकीत आर्डिसबाई अध्यक्षांना म्हणाल्या, "वेंडेल, तुझ्या घराला कधी आग लागली का रे?"

"नाही बुवा."

"मग ते आग विझवायचं नळकांडं टाक फेकून!"

"तुला सगळंच ठेवायचं असतं, आर्डिस. तुझं गॅरेज पाहिलंय मी."

हसलो सगळे. पण सरांचंही खोटं नव्हतं. एक विषय ठेवला की रोजच्या कामातला दुसरा जातो. तो न शिकता आलेल्या मुलीच्या हाती मी माझी आई सोपवीन का?

आर्डिसबाईंनी गावाकडच्या छोट्या रुग्णालयात जन्मभर एकटीनं भूल दिली. गळा एकदाच उघडावा लागला, गवतकापणीच्या दिवसांत. माणूस वाचला. मी विचारलं, "घाबरला नाहीत?"

"घाबरायला सवड हवी ना, बये! परीक्षेसाठी घोकून घोकून हात तयार होता. तोच पुढं गेला."

हा विषय ठेवायचा की काढायचा, यावर उद्या सकाळी समितीत मतदान आहे, आणि तिथली बाईंची खुर्ची आता माझी. खरं सांगते, कुठलंच मत मला अजून माझं वाटत नाही. म्हणून अध्यक्षमहोदय, मतदान पुढं ढकला. 'कधीच नाही' म्हणणाऱ्यांना दुसरा प्रश्न आधी विचारा. महत्त्वाचं नाही म्हणाले, तर विषय काढायला पहिला हात माझा. परीक्षा लांबेल, मुलं चिडतील. त्यांना माझा नंबर द्या.

आर्डिसबाई, हसू नका. हे तुमच्यासाठी नाही.

आयोजकांचे आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींचे मनापासून आभार. निरोपाच्या पंगतीत उद्याचं भांडण वाढलं, तेवढं पोटात घाला. आणि सर, उत्तर मिळेपर्यंत मी उभीच राहते.