रिकाम्या कप्प्यातली चिंधी

— नाही नाही, तिथं नका बसू, ती तयार गठोडी आहेत. तुमच्या विजारीची घडी मोडली तरी चालेल, त्यांची मोडता कामा नये. त्या स्टुलावर बसा. एक पाय आखूड आहे त्याचा, पण क्लास चालवणाऱ्याला तोल सांभाळायची सवय असेलच. फुलं? ठेवा त्या बादलीत. आणि हा कागद मला कशाला दाखवता, मास्तर? मला वाचता येत नाही. हो, एक अक्षर नाही. तोंडानं सांगा... हं... हं. म्हणजे माझ्या नातीचा फोटो हवा, आणि मी इथं अंगठा उठवायचा, की पोरगी तुमच्या क्लासात शिकली म्हणून एवढ्या मोठ्या परीक्षेत एकतिसावी आली. आणि तो फोटो चौकातल्या फलकावर लागणार, तुमच्या फोटोच्या खाली. खाली, बरं का! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते नुसतं ऐकलं होतं, फुलं घेऊन आलेला आज पाहिला.

खारू घरात नाही, कपडे पोचवायला गेलीय. खारू म्हणजे तीच, तुमची एकतिसावी — लहानपणी मिळेल तो कागद गालात लपवायची, म्हणून खारू. आणि त्या टेबलावर पाठमोरी इस्त्री करतेय ती माझी लेक, तिची आई. तिला विचारू म्हणता? विचारा की. तुमच्याशी बोलेल ती, सगळ्या गावाशी बोलते. माझं विचाराल तर — जाऊ द्या. मी आपली हा शर्ट इस्त्री करता करता गोष्टीसारखं सांगते, म्हणजे तुमच्या डोक्यात शिरेल. नाहीतर तुम्हाला सगळं एक-दोन-तीन आकडे घालून लागतं, असं खारू म्हणायची.

तर — एक होती आजी, एक होती तिची लेक, एक होती नात. तिघींचं मिळून एक दुकान, दोन टेबलं, दोन इस्त्र्या आणि भिंतीला दहा कप्पे. नाही हो, मी नव्हे, गोष्टीतली आजी. या आजीला वाचता येत नव्हतं, मग कुणाचे कपडे कुठले हे कळायचं कसं? ती प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतल्या बाजूनं टाके घालायची — कुणाला पाच, कुणाला तेवीस, कुणाला चाळीस. टाके ज्याचे त्याचे, जन्माचे. मग बोटं मोजायची: तेवीस — दहा गेले, दहा गेले, उरले तीन, तिसरा कप्पा. झालं. आणि तिसऱ्यात आधीच तेरा टाक्यांवाला बसला असेल तर? असू दे, त्याच्याच गठोड्याला पिन लावून दुसरं खाली टांगायचं. तीन म्हणजे तीन. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की हात सरळ तिसऱ्याला जातो, दहा कप्पे धुंडाळावे लागत नाहीत. रोज येणाऱ्याचं तर कप्प्यात ठेवायचंच नाही, इथं हाताजवळ खिळ्याला. चाळीस वर्षं असं चाललं. मग नात कॉलेजातून आली आणि म्हणाली, आजी, तू करतेस त्याला हॅशिंग म्हणतात, आणि खिळ्याला कॅश — पैसे नव्हेत, हाताशी ठेवलेलं ते. मी म्हटलं, म्हणोत बापडे, कपडे मिळाल्याशी कारण. — आजी म्हणाली. गोष्टीतली.

हसू नका. हसायला तुम्हाला पुढं मिळेल, आणि तेव्हा बघते किती हसता.

मधेच लगीनघाई सुरू झाली, कपड्यांचे डोंगर, आणि लेकीला पिना लावायचा कंटाळा. तिनं आपली शक्कल काढली — सातवा भरलाय ना, मग आठव्यात टाक. आठवाही भरलाय, नवव्यात टाक. झालं! कुणाची बंडी कुणाच्या घरात. तुमच्या पुस्तकात यालाही नाव आहे म्हणे, मोठं भारदस्त, आणि तुम्ही ते फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्यात. आळशीपणाला नाव दिलं की शास्त्र होतं, दुसरं काय. तर बँडमास्तरचा लाल कोट आला, पितळी गुंड्यांचा. त्याचे टाके सतरा. सातव्यात खानावळवालीचे ॲप्रन नि टेबलक्लॉथ कोंबलेले, म्हणून लेकीनं कोट चादरीत बांधून आठव्यात सारला. सकाळी खानावळवाली आपलं ओझं घेऊन गेली. सातवा रिकामा झाला. लेक गेली कपडे पोचवायला, आणि आला बँडमास्तर, दोन तासांत वाजवायला जायचं, गाडी दारात उभी. आजीनं मोजलं — सतरा, दहा गेले, उरले सात. हात सातव्यात. सातवा रिकामा.

बघा, इथंच मेख आहे. भरलेला कप्पा दिसला असता तर आजी म्हणाली असती, लेकीची नवी तऱ्हा, पुढं सारलं असेल, आठवा बघावा. पण रिकामा कप्पा दिसला की हात थांबतो. जागा होती, तरी तिथं नाही, म्हणजे आलाच नाही! रिकामा कप्पा असा खोटं बोलतो, मास्तर, माणसासारखा, साळसूद चेहऱ्यानं.

मग? मग बँडमास्तर ओरडला. रस्त्यावर माणसं जमली. आणि त्या आजीची जीभ — आजीची जीभ म्हणजे तापलेली इस्त्री, कुठं ठेवावी ते कळायचं नाही — आजी भर रस्त्यात म्हणाली, माझ्या लेकीनंच विकून खाल्ला असेल, हात लांब आहेत तिचे. असं म्हणाली. पोटच्या पोरीबद्दल. बँडमास्तर तसाच गेला, बनियनवर वाजवलं म्हणे त्यानं. लेक आली, तर समोरच्या पाववालीनं तिला शब्दन्‌शब्द सांगितला, वर दोन पदरचे घातले असतील. लेक सरळ आत आली, आठव्यात हात घातला, कोट काढून आजीच्या टेबलावर आपटला आणि म्हणाली, 'म्हण, चुकले.' आजी म्हणाली, 'चुकीच्या कप्प्यात तू ठेवलास, तू म्हण.' हे शेवटचं. त्याला अकरा महिने झाले. एका खोलीत दोन टेबलं, मधे तीन पावलं, आणि निरोप नातीकडून — 'तुझ्या आईला सांग, पंख्याचं बटण बंद कर.' 'तुझ्या आजीला सांग, हात पोचतो तिचा.' पोरगी बिचारी दोन भांड्यांमधल्या पळीसारखी.

खारूनं त्याच दिवशी एक केलं. जुन्या परकराच्या चिंध्या फाडल्या, आणि ज्या कप्प्यातलं गठोडं गेलं त्यात चिंधी ठेवायला लागली. चिंधी दिसली की समजायचं, इथं कुणीतरी होतं, थांबू नको, पुढं बघ. नवं गठोडं आलं की चिंधी काढायची. एवढंसं काम. एवढीशी अक्कल.

आणि हीच गोष्ट तिनं तुमच्या क्लासच्या परीक्षेत लिहिली. आठवतंय? कसं आठवेल, तुम्हाला दीडशे पोरं. मी आठवण देते. प्रश्न होता, कप्प्यातलं काढल्यावर काय करायचं. तिनं लिहिलं, खूण ठेवायची, नाहीतर पुढचं सापडत नाही. तुम्ही तिला उभं केलंत. 'काढलं की रिकामं, एवढंच लिहायचं! ही खूण कसली?' ती म्हणाली, 'सर, आमच्याकडे चिंधी ठेवतात.' आणि तुम्ही — तुम्हीच ना ते? मला वाटलंच, खारू म्हणाली होती, बोलताना खडू कानाला लावतात, आत्ता तुमचं बोट तिथंच गेलं — तुम्ही म्हणालात, 'संगणकात चिंधी? इस्त्रीच्या दुकानातून थेट आलीस वाटतं!' सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचं नाव चिंधी. तुम्ही तिला पुढच्या बाकावरून उचलून शेवटच्या बाकावर टाकलंत, कारण पुढचे बाक फलकावर फोटो लागणाऱ्यांचे. महिनाभर बसली शेवटी, मग जायची बंद झाली. आणि त्या मोठ्या परीक्षेत काय आलं, माहीत आहे? तेच. हेच. रिकामा केलेला कप्पा मुळातच रिकामा मानला तर काय बिघडतं. पोरगी परीक्षेच्या खोलीत एकटीच हसली म्हणे, पर्यवेक्षकबाईंनी हटकलं तिला. आता घ्या फोटो! फलकावर चिंधी लावा तुमच्या, चांगली मोठी करून, वाऱ्यावर फडफडू दे.

शिकवलं कुणी? कुणी नाही. ती मोठ्यानं वाचायची, मी इस्त्री फिरवायची. तिचं म्हणणं, आजी, तुला समजलं तर मला समजलं. सात महिने. वर ठेवलेला शर्ट आधी निघतो, तळाच्याला वाट बघावी लागते — हे सांगायला तुम्ही दोन तास घेतले होतेत. मी म्हटलं, म्हणून तर तळाची माणसं दारात भांडतात, पुढं वाच. पुढं वाचलं तिनं. एक दिवस म्हणाली, आजी, दोघीजणी आहेत. एकीच्या हातात इस्त्री, दुसरीच्या हातात पाण्याचा फवारा. काम करायला दोघींना दोन्ही लागतं. ही म्हणते, तू फवारा दे मग मी इस्त्री सोडते; ती म्हणते, तू इस्त्री दे मग मी फवारा सोडते. काय होईल? मी म्हटलं, दोघींच्या एकेक ठेवून द्यावी, सुतासारख्या सरळ होतील. ती माझ्याकडं बघत राहिली. मग पुस्तकच मिटलं. मला वाटलं, दमली असेल.

आता तिला परवाच्या दिवशी त्या मोठ्या शाळेत हजर व्हायचंय, एका दिवसाच्या प्रवासावर. पदवीचा मूळ कागद हातात लागतो, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि कागद आहे आजीच्या पेटीत, घरातले सगळेच असतात, किल्ली आजीच्या कमरेला. आजीनं सांगितलं, 'तुझ्या आईनं येऊन मागावा. स्वतःच्या तोंडानं.' लेकीचं उत्तर आलं, 'आधी तिनं कोटाचं म्हणावं, मग मी तोंड उघडेन.' आजीनं म्हटलं, 'आधी तिनं तोंड उघडावं, मग मी बघते म्हणायचं का.' आज चार दिवस झाले. पोरगी रडत नाही, भांडत नाही, नुसती कपडे पोचवते. परवा संपलं की सगळंच — मग काय, इथंच राहील. नाही, म्हणजे आजीच्या मनात तसलं काही नाही हो! पण माणूस म्हातारं होतं. चाळीस वर्षं मुक्यानं इस्त्री केली, सात महिने कुणी वाचून दाखवलं, आणि आता ती गेली की मला कोण... आजीला कोण वाचून दाखवणार? ही लेक? ही तर मला पाणी हवंय का तेही —

काय पुटपुटलात?

परत म्हणा. मोठ्यानं.

... डेडलॉक. हं. याला डेडलॉक म्हणतात. दोघी आपापलं धरून बसल्या, आणि कुणीतरी एकीनं आधी सोडल्याशिवाय जगबुडीपर्यंत सुटत नाही.

...

एवढ्या वेळात एकच शहाणं बोललात, मास्तर, तेही चुकून. आणि बोललात तर असं, जसा काही फळा समोर आहे! पोरीनं हेच सांगितलं होतं मला. इस्त्री, फवारा — माझ्याच टेबलाशी उभं राहून, माझ्याच तोंडावर, आणि मी काय म्हटलं? ठेवून द्यावी दोघींच्या एकेक. दीडशे पोरांचा मूर्ख मास्तर एका दमात ओळखतो ते मला... तुम्ही मान हलवू नका. तुम्हाला पुस्तकातलं ओळखू आलं, एवढंच. पोपटालाही येतं.

अगं ए.

तुलाच म्हणतेय. मागं नको बघूस, तशीच ऐक. कोट आठव्यात होता. सातवा मीच रिकामा केला होता, खानावळवालीला मीच या हातानं गठोडं दिलं होतं, आणि माझाच हात पुढं गेला नाही. विकलास म्हणाले ते — ते मला त्या क्षणीही माहीत होतं, की तू विकलेला नाहीस. लोक जमले होते, मला कुणाच्या तरी अंगावर ढकलायचं होतं. चुकले. ऐकलंस? चुकले मी. ही घे किल्ली. कागद काढ, कोरड्या फडक्यात गुंडाळ, आणि पोरीबरोबर तू जा, एवढ्या लांब एकटी नको धाडू. दुकान मी बघते. बोटं आहेत मला दहा.

... आता तरी बोल की काहीतरी!

ऐकलंत? ऐकलंत का, मास्तर? अकरा महिन्यांनी तोंड उघडलं, आणि काय म्हणाली — 'आई, शर्ट जळतोय'! माझ्या इस्त्रीखाली! जळू दे मेला. उभ्या आयुष्यात पहिला जाळला, जळू दे. 'आई' म्हणाली ना? तुम्हीही ऐकलंत.

आता तुम्ही का रडवेले झालात? उठा. फोटो नाही, अंगठा नाही, आणि तुमची फुलं बादलीतून काढून न्या, ती बादली कामाची आहे. पायरीवर सांभाळून. दार ओढून घ्या — नको, उघडंच ठेवा, पोरगी येईल एवढ्यात. तुम्ही फक्त निघा.