नाजूकबाईची किल्ली

हॅलो?... हां ताई, बोल!... काय? लाईट गेली? आत्ताच?... वा! फार छान झालं!... अगं, तुझ्यावर नाही हसत. ऐक ना. तुमचा फीडर ट्रिप झाला, म्हणजे तुमच्या भागाची लाईन आपोआप बंद पडली. आणि कोणामुळे झाला, ओळख बघू... हो! नाजूकबाई! दुसरं कोण?

विसरलीस? नवीन इंजिनिअर गं, माझ्या शेजारच्या टेबलावरची. तू डबा द्यायला आली होतीस तेव्हा गेटवर भेटली तुला. तासभर गप्पा मारत बसलात दोघी, आणि वर मला म्हणालीस, ‘किती गोड आहे गं ही!’... म्हणालीस. चांगलं लक्षात आहे माझ्या.

हो, हो, सांग... पण आधी माझं ऐक ना. आज साहेबांनी माझं ऐकलं! तक्रारींचा पाऊस पडलाय नुसता, उठसूट लाईट जाते म्हणून. साहेब म्हणाले, काढा हिचं सेटिंग, तुमचं जुनं घाला. मी आत्ता सबस्टेशनात रिलेसमोरच बसलेय, खुर्ची ओढून, मांडीवर लॅपटॉप. एक बटण दाबायचं राहिलंय.

कसलं सेटिंग? अगं, कितीदा सांगितलंय तुला. तीन तारांतून करंट जातो, त्यांचा आपापसात हिशोब जुळतो. जुळला की रिले गप्प. कुठं जमिनीत गळला की हिशोब चुकतो, आणि रिले लाईन बंद करतो. अर्थ फॉल्ट म्हणतात त्याला. आता किती गळला की बंद करायचं, ते आपण ठरवायचं. माझं सेटिंग कसं होतं, दणदणीत! चांगला भसाभसा गळला तरच बंद. आणि हिनं येऊन इतकं नाजूक करून ठेवलंय, की झाडाचं पान घासलं तरी निम्म्या शहराचे पंखे बंद. म्हणून तर नाजूकबाई.

...हं? तिचं म्हणणं काय, तार सुक्या जमिनीवर पडली तर करंट अगदी थोडा गळतो. माझ्या रिलेला तो दिसायचाच नाही, आणि तार तशीच जिवंत पडून राहणार. पुस्तकातलं गं सगळं! इतकी वर्षं माझं सेटिंग होतं, तुमच्या गल्लीत पडली का एक तरी तार?... अगं थांब ना, माझं वाक्य तरी होऊ दे!

एक मिनिट हं... भाऊ! ओ ऑपरेटर भाऊ! तो ट्रिप झालेला फीडर करा की चालू... अहो, बघायचं काय त्यात? नाजूकबाईचं ट्रिपिंग आपण कधी बघतो का? सरळ चालू करतो... काय? कुलूप? कोणी लावलं?

ऐकलंस ताई? फीडर चालू करायचा ब्रेकर, त्यालाच कुलूप घालून जीपनं गेलीय! लाईन डोळ्यांनी पाहून येईपर्यंत चालू करायचा नाही म्हणे. आणि किल्ली बाईसाहेबांच्या पर्समध्ये! इथला एकेक रिले मी माझ्या हातांनी बसवलाय, आणि किल्ली हिच्याकडे!... भाऊ, दुसरी किल्ली आहे ना! माझ्या ड्रॉवरमध्ये, निळ्या डबीत. काढा कुलूप, मी सांगते म्हणून काढा!

काय म्हणालीस? मी जळते?... हो, जळते! जळते, झालं समाधान? पूर्वी काही झालं की सगळे माझ्याकडे धावत यायचे. ‘बाई, हे का झालं, बाई, ते का झालं.’ आता सगळे तिच्याभोवती. साहेबांनी तर अगदी डोक्यावर बसवलंय. हे आमचे भाऊ, माझ्या हातचा चहा पिऊन म्हातारे झाले, तेही विचारतात, ‘मॅडम कुठायत?’ मॅडम म्हणजे ती. मी नुसती बाई. आणि तू, सख्खी बहीण, तुलाही तीच गोड!

...सापडली का हो भाऊ?... शाब्बास. जा, करा चालू.

हां, बोल आता. तुझं काय होतं?... कपडे? बरं, वाळत घातलेत... चादरीवर पडली? काय पडलं?... दोरी तुटली होय?... दोरी नाही?... खांबावरची? तुझ्या अंगणात?... ताई, तू कुठं उभी आहेस?... बाजूला करतेस म्हणजे? कशानं?... हातात आहे?

भाऊ! भाऊ, थांबा! हात लावू नका ब्रेकरला! भाऊ!... ओ भाऊ! मागं या! तशीच ठेवा ती किल्ली!

ताई, सोड. सोड ती तार!... लाईट गेलीय ते माहितीये गं मला! सोड म्हणते ना!... चादर गेली खड्ड्यात! सोडलीस?... मागं हो. अजून मागं. घरात जा आणि उंबऱ्यातून बोल माझ्याशी... गेलीस? कोणाला फिरकू देऊ नकोस तिकडं. शेजारीण आली तर ओरड तिच्यावर.

भाऊ, काढलं नव्हतं ना कुलूप?... किल्ली आत घातली होती?... द्या इकडं. माझ्या हातात द्या.

...आहे गं, आहे. बोलतेय... नाही, रडत कुठं... हो, रडतेय. अगं, तू तार हातात धरून उभी होतीस आणि मी इथून ‘करा चालू’ म्हणत होते. तू मघापासून तेच सांगत होतीस ना? आणि मी आपली माझंच तुणतुणं वाजवत बसले.

ताई, तुझं अंगण... फरशीच आहे ना? आणि कोरडं?... ठणठणीत. म्हणजे थोडाच गळला असणार. अगदी थोडा... काही नाही गं. माझ्या रिलेला दिसला नसता. लाईट गेलीच नसती तुझी. घरात पंखा चालू, आणि तू बाहेर आली असतीस चादर वाचवायला.

नाही. नाही दाबत ते बटण. लॅपटॉप मिटला बघ.

कोण आलं? जीप?... लाईनमन आहेत? आणि ती पण? इतक्यात पोचली?... हो, तीच ती. तिला तार दाखव, पण तू उंबऱ्यातूनच... चहा? तिला?... करून ठेवलायस? कोणत्या कपात?... ताई! तो फुलांचा कप माझा आहे!

दे तिला फोन... अगं, भांडत नाही. दे.

हॅलो... हो, मीच... हो, माझी बहीण. सख्खी... नाही, चालू नाही केला... करणार होते. दुसरी किल्ली काढायला लावली होती मी. कुलपात घातली होती भाऊंनी... ओरडा की!... भाऊ, ही ओरडतसुद्धा नाही, काय बाई आहे!... सेटिंग तुमचंच राहील. साहेबांशी मी बोलते, आत्ताच जाते. ही दुसरी किल्लीही तुमच्या ड्रॉवरमध्ये टाकते... आभार ना? मनात आहेत. तोंडातून यायला वेळ लागेल, उद्या बघू.

आणि ऐका... चहा झाला की निघा तिथून. गप्पा मारत बसू नका. किल्ली घ्या, सेटिंग घ्या, साहेब घ्या, भाऊही घ्या हवं तर... बहीण माझी आहे.

...हसताय काय? ठेवते मी.