'ऑल्टरकेशन' या शब्दाचे काम चालू असताना घडले ते

माझे नाव आणि पत्ता वर उतरवून घेतला आहे, तो बरोबर आहे. वय सदुसष्ट. पूर्वी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. सध्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात सहसंपादक आहे. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते ते असे.

कार्यालयात आम्ही दोघेच असतो. मुख्य संपादक, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, बाहेरच्या खोलीत बसतात आणि मी आतल्या. मध्ये प्लायवूडचे पार्टिशन आहे, ते छतापर्यंत पोचत नाही. आमची कामाची पद्धत अशी आहे. शब्द हातात घेतला की मास्तर त्याच्या वापराची वाक्ये मोठ्याने म्हणतात. भांडणाचा शब्द असेल तर दोन्ही माणसांचे आवाज काढून भांडतात. मला पटले नाही तर मी आतून हरकत घेते आणि ते तिला उत्तर देतात. उत्तर आले नाही तर माझे म्हणणे मान्य, असे धरून मी अर्थ लिहून टाकते. खालच्या मजल्यावरचा शिंपी आमचा आरडाओरडा ऐकून आता मानही वर करत नाही.

आज 'ऑल्टरकेशन' हा शब्द होता. माझे म्हणणे, ही बाचाबाची. शब्दाने शब्द वाढतो, हात वाढत नाही. मास्तरांचे म्हणणे, हल्ली धक्काबुक्की झाली तरी वर्तमानपत्रे हाच शब्द घालतात, तेव्हा तोही अर्थ द्यावा. ते म्हणाले, "बाई, तुमचं इंग्रजी कॉलेजातच राहिलं. जग पुढे गेलं." मी म्हणाले, "जग चुकलं म्हणून कोशानंही चुकायचं का?" ते हसले. मी चहाचा कप घेऊन आत आले आणि दार लोटून घेतले.

मास्तरांची आई त्यांच्याकडे असते. धाकट्या भावाला तिला वृद्धाश्रमात ठेवायचे आहे आणि मास्तरांचा त्याला विरोध आहे, हे मला माहीत होते. भाऊ आज येणार हे माहीत नव्हते. दोघा भावांचा आवाज एकसारखा आहे, हेही मला आजच कळले.

थोड्या वेळाने बाहेरून ऐकू आले, "तू कोण ठरवणारा? आई माझी नाही का?" त्यावर, "आधी तिला विचार. ती नको म्हणते." मी आतून म्हणाले, "छान. हे वाक्य घ्या." आवाज चढले. एक खुर्ची पडली. मास्तर आपला मुद्दा रेटत आहेत असे मला वाटले. मी ओरडले, "मास्तर, खुर्ची पाडून अर्थ बदलत नाही!"

मग ऐकू आले, "सोड. गळा सोड. बाई! ओ बाई!"

मी म्हणाले, "ऐकतेय. पण हे चालणार नाही. गळा धरला तिथे तो शब्द संपला. दुसरं वाक्य घ्या."

दुसरे वाक्य आले नाही. मी जरा थांबले. मग लिहिले, 'कडाक्याचे भांडण, केवळ शाब्दिक.' उरलेला चहा प्याले. मास्तरांना चिडवावे म्हणून बाहेर आले.

मास्तर टेबल आणि कपाट यांच्यामध्ये पडले होते. चष्मा एका कानाला लटकत होता. गळ्यावर बोटांचे वळ होते. श्वास चालू होता. भाऊ दाराशी उभा होता. मी शिंप्याला हाक मारली, रुग्णवाहिका बोलावली. भाऊ म्हणाला, "बाई, जरा बाचाबाची झाली. दादा तोल जाऊन पडला. तुम्ही तर आतच होतात. तसलं काही असतं तर तुम्ही धावून आला नसतात का?"

मास्तर इस्पितळात आहेत, अजून शुद्धीवर नाहीत. भावाने इथेही हेच सांगितले, असे मला साहेबांकडून समजले. म्हणून स्पष्ट सांगते. मी उठले नाही, कारण मी ते कोशाचे वाक्य समजले. काही घडत नव्हते म्हणून नव्हे. माझ्या न उठण्याचा फायदा त्याला मिळू नये. "गळा सोड" हे शब्द मी स्पष्ट ऐकले आहेत आणि ते कोर्टातही सांगेन. त्याबरोबर मी काय उत्तर दिले, तेही सांगेन.

जबाब लेखनिकाने मला वाचून दाखवला. त्यात 'दोघांत वाद होऊन' असे घातले होते, ते मी खोडायला लावले. लेखनिक म्हणाले, "बाई, लिहायची पद्धत आहे ती." मी म्हणाले, "असेल. माझी सही हवी असेल तर 'गळा दाबला' लिहा." त्यांनी लिहिले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

तो शब्द मी कोशात बंद केला होता, तो पुन्हा उघडा ठेवला आहे. मास्तर गप्प होते, पण त्यांनी मान्य केलेले नाही.