बाबांच्या खोलीची खिडकी

इंग्लंडमधल्या लडलो गावच्या रंग-खिडक्यांच्या दुकानात बेडोज नावाचा एक गिऱ्हाईक रांगेत उभा होता. त्याच्यापुढे एक म्हातारी आणि तिची लेक, हातात लाकडी चौकटींच्या जुन्या ट्यूडर घराचा फोटो.

"आई, लाकडाला काळा, भिंतीला सायीसारखा पांढरा. ठरलं?"

"रंग कुठलाही दे गं. फक्त बाबांच्या खोलीची खिडकी बदलू नकोस."

"तीच तर आधी बदलायची! कधीची घट्ट बसलीये."

"तुझ्या बाबांनीच बसवली. वारा येतो म्हणून फटींत रंगावर रंग चढवले."

"मग आता काय झालं?"

"हळू बोल. माणूस गेला की जिवाला वाट म्हणून खिडकी उघडतात ना? ते गेले तेव्हा मी फटीत सुरी घातली, बुक्क्या मारल्या. जाम हलली नाही."

"आई, नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं ते त्याच खोलीत आहेत."

"मग नवी बसवली की सुटतील बिचारे!"

"तेच नकोय मला. ते सुटले की त्या घरात मी एकटी."

"अगं, मी आहे ना!"

"तू रविवारची येतेस."

बेडोज एक पाऊल मागे सरकला. लेकीनं फोटोतल्या त्या खिडकीवर बोट ठेवलं. मग दुकानदाराला म्हणाली, "दादा, सात नको. सहाच खिडक्या लिहा."